बेरेनिकेचा उकिरडा आणि तेरची पांढर



आयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘जगभरातले नवे पुरातत्त्वीय शोध’. निमंत्रणपत्रिकेवर तो फार छान दिसतो, पण तासाभरात जग मावत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. जगाची फेरी मी पहिल्या काही मिनिटांत उरकणार आहे आणि उरलेला वेळ एकाच गावात काढणार आहे. ते गाव इजिप्तमध्ये आहे, तांबड्या समुद्राच्या काठी. आज तिथे कोणी राहत नाही.

आधी फेरी. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इ.स. ७९ मध्ये पाँपेई गाडले, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच वेळी शेजारचे हर्क्युलेनियमही गाडले गेले. तिथल्या एका मोठ्या वाड्यातून १७५० च्या दशकात पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या निघाल्या. सगळ्या जळून कोळसा झालेल्या, उलगडायला गेले की भुगा हातात येई. अडीचशेहून अधिक वर्षे त्यातल्या कित्येक नुसत्या सांभाळून ठेवल्या गेल्या. २०२३ मध्ये ब्रेंट सील्स या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने आणि दोन उद्योजकांनी एक स्पर्धा जाहीर केली: क्ष-किरणांनी घेतलेल्या प्रतिमांवरून, गुंडाळी न उघडता, आतला मजकूर वाचून दाखवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका विद्यार्थ्याने पहिला पूर्ण शब्द वाचला. जांभळ्या रंगाविषयीचा तो ग्रीक शब्द होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिघा तरुणांना सात लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. त्यांनी वाचलेला मजकूर एपिक्युरसच्या पंथातला निघाला, सुख म्हणजे काय याची चर्चा करणारा.

दुसरी बातमी इंग्लंडमधली. स्टोनहेंजच्या मध्यभागी सहा टन वजनाची एक शिळा आडवी पडलेली आहे. ती वेल्समधली असावी असे शंभर वर्षे मानले जात होते. तिच्यातले सूक्ष्म खनिजकण तपासल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले की ती स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून, सुमारे साडेसातशे किलोमीटरवरून, आणलेली आहे. तिसरी बातमी इजिप्तची: फेब्रुवारी २०२५ मध्ये थुटमोस दुसरा या फॅरोचे थडगे सापडल्याचे जाहीर झाले. ते जवळजवळ रिकामे होते. फार पूर्वी पाणी शिरल्याने आतले सामान तेव्हाच दुसरीकडे हलवले गेले असावे. थडगे कोणाचे हे कळले ते अलाबास्टरच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांवर कोरलेल्या नावांवरून.

आता या तिन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. गुंडाळ्या कपाटात होत्या, शिळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि थडग्यात सोने नव्हते. पुरातत्त्वातला शोध म्हणजे कुदळ मारली आणि हंडा लागला, असा आपला समज असतो. वर्तमानपत्रेही तो जपतात, कारण हंडा छायाचित्रात चांगला दिसतो. प्रत्यक्षात वस्तू कुठे होती, कशाच्या शेजारी होती, कोणत्या थरात होती आणि ती जपून ठेवून कोणी तिच्याविषयी लिहिले का, यावर सगळे अवलंबून असते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. ते पटवायला मला बेरेनिकेला जावे लागते, आणि तिथून परत येताना आपल्या मराठवाड्यात यावे लागते.

बेरेनिके हे बंदर टॉलेमी दुसरा या राजाने इ.स.पू. २७५ च्या सुमारास वसवले आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. त्याला हवे होते हत्ती. लढाईतले हत्ती भारतातून मिळत, पण वाटेत सेल्युकसच्या वंशजांचे राज्य होते आणि ते टॉलेमीचे वैरी. म्हणून त्याने आफ्रिकेतले हत्ती पकडून जहाजांतून आणायचे ठरवले. हत्ती उतरवायला धक्का हवा, त्यातून हे गाव झाले. पुढे रोमन साम्राज्याने इजिप्त घेतल्यावर हत्ती मागे पडले आणि मिरी पुढे आली.

जागा म्हणाल तर कोणीही सुखाने राहावी अशी नव्हे. पाऊस जवळजवळ नाही. प्यायचे पाणी सात-आठ किलोमीटर आतल्या चौक्यांवरून आणायचे. बंदरापासून नाईल नदीकाठच्या कॉप्टॉस गावापर्यंत उंटांचा तांडा बारा दिवस वाळवंटातून चाले, तोही उन्हामुळे बहुतांशी रात्री. हे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे. मग बंदर एवढ्या दक्षिणेला, एवढ्या आडजागी का? कारण वारा. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षातला बहुतेक काळ वारा उत्तरेकडून येतो. भारतातून परतणाऱ्या, मालाने लादलेल्या शिडाच्या जहाजाला त्या वाऱ्याच्या तोंडावर शेकडो किलोमीटर रखडत जावे लागे. त्यापेक्षा बेरेनिकेला माल उतरवून उंटांवर घालणे परवडे. व्यापाऱ्याने भूगोल असा पैशांत मोजलेला असतो.

वाऱ्यामुळेच आणखी एक गोष्ट घडे. इजिप्तहून निघणारी जहाजे जुलैच्या आसपास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला येत. परतीची वाट डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा सुरू झाला की. आता उलटा विचार करा. भारतातला एखादा व्यापारी हिवाळ्यात निघून बेरेनिकेला पोहोचला, तर त्याला घरी जायला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागणार. म्हणजे त्या रखरखीत गावात कित्येक महिने मुक्काम. मुक्काम आला की चूल आली आणि देवही आला. बेरेनिकेत जे सापडले ते या सक्तीच्या मुक्कामाचे फळ आहे, असे मला वाटते.

या जागेची ओळख १८१८ मध्ये बेल्झोनी या इटालियन साहसवीराने पटवली, पण पद्धतशीर उत्खनन सुरू झाले १९९४ मध्ये. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे स्टीव्हन सायडबॉथम आणि त्यांच्यासोबत विलेके वेंड्रिख यांनी ते हाती घेतले. पुढे पोलंडमधील वॉर्सा विद्यापीठाचे भूमध्यसागरी पुरातत्त्व केंद्र त्यात आले. म्हणजे मी पुढे ज्या बुद्धमूर्तीविषयी बोलणार आहे ती मिळायच्या आधी या लोकांनी तिथे कित्येक हंगाम काढले होते, आणि त्यातल्या बऱ्याच हंगामांत त्यांच्या हाताला काय लागले? कचरा. गावाच्या कडेला इ.स.च्या पहिल्या शतकातला मोठा उकिरडा आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचे दैव उजाडते असे आपण म्हणतो. इथे त्याला एकोणीसशे वर्षे लागली. कोरड्या वाळूमुळे त्यात कापड टिकले, दोरखंड टिकले, धान्य टिकले, आणि शाईने लिहिलेली शेकडो खापरे टिकली. त्या खापरांतली कित्येक म्हणजे जकातनाक्याचे परवाने: अमक्याच्या मालातली दारू एवढी, जाऊ द्यावे. आजच्या चेकनाक्यावरच्या पावतीपेक्षा त्यांत फारसे वेगळे काही नाही.

या उकिरड्यातल्या कापडांवर जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या अभ्यासक दांपत्याने काम केले. सुती चिंधी इजिप्तची की भारतातली हे कसे ओळखायचे? सुताच्या पिळावरून. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने पिळत, भारतात उलट दिशेने. भिंगाखाली धागा धरला की त्याचे माहेर कळते. बेरेनिकेत भारतीय पिळाचे सुती कापड मिळाले. त्यात नक्षीचा भाग राखून रंगवलेले कापड आहे आणि जहाजाच्या शिडाचे तुकडेही आहेत. घरांच्या भिंतींत सागवान मिळाले, तेही भरपूर. सागाचे झाड इजिप्तमध्ये होत नाही. मोडीत काढलेल्या जहाजांची लाकडे घरांसाठी वापरली गेली असावीत, असा उत्खननकर्त्यांचा कयास आहे. सेरापिस देवाच्या मंदिराच्या आवारात भारतीय घडणीच्या एका मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी तशीच भरलेली मिळाली. तांदूळ, मूग, नारळ हेही मिळाले. मला सगळ्यांत बोलकी वाटतात ती भारतीय पद्धतीची साधी, जाडीभरडी स्वयंपाकाची भांडी. मिरीचा व्यापार होतो, मलमलीचा होतो. काळ्या पडलेल्या मातीच्या भांड्याचा सातासमुद्रापार कोण व्यापार करेल? ती कोणीतरी स्वतःसाठी आणली. त्यांत मूग शिजले.

गावाच्या कडेला प्राण्यांची दफनभूमी निघाली. मार्ता ओसिपिन्स्का या पोलिश अभ्यासिकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ५८५ प्राण्यांची नोंद आहे, त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक मांजरी. काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे, काहींच्या मण्यांच्या माळा. म्हातारा, दात पडलेला एक कुत्राही आहे, म्हणजे कोणीतरी त्याला मऊ करून भरवत होते. आणि माकडे आहेत. सुरुवातीला ती आफ्रिकेतली असावीत असे वाटले होते, कारण आफ्रिका शेजारीच आहे. हाडांची त्रिमितीय प्रतिमांशी तुलना केल्यावर लक्षात आले की काही माकडे भारतातली आहेत, आपल्या ओळखीची लाल तोंडाची माकडे. कोवळ्या वयाची. समुद्र ओलांडून आणलेल्या या पिलांना त्या ओसाड गावात फळे-पालेभाज्या मिळाल्या नसाव्यात, ती लवकर मेली. पण त्यांना फेकून दिले नाही. झोपवल्यासारखे नीट पुरले.

अशा या गावात २०२२ च्या हंगामात इसिस देवीच्या मंदिराच्या पुढच्या आवारात बुद्धाची मूर्ती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये इजिप्तच्या मंत्रालयाने ती जाहीर केली आणि बातमी जगभर गेली. उंची ७१ सेंटिमीटर. उजवी बाजू आणि उजवा पाय तुटलेला. डोक्यामागे किरणांचे प्रभामंडळ, शेजारी कमळ, डाव्या हातात वस्त्राचा काठ. काळ इ.स.चे दुसरे शतक. दगड मात्र भारतातला नाही: इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या भागातला संगमरवर असावा, आणि कोरीव काम बहुधा बेरेनिकेतच झाले असावे. भूमध्य समुद्राकडचा दगड, भारतातला देव, इजिप्तच्या देवीचे अंगण. खर्च केला तो एखाद्या सधन भारतीय व्यापाऱ्याने, असा अभ्यासकांचा अंदाज.

त्याच मंदिरात एक संस्कृत लेखही मिळाला. काही बातम्यांत तो ‘हिंदी’ म्हणून छापला गेला. त्यांना क्षमा करू. फिलिप द अरब या रोमन सम्राटाच्या कारकिर्दीतला, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ मधला, तो आहे. राजा फिलिपच्या सहाव्या वर्षी वासुल नावाच्या क्षत्रियाने सर्व प्राण्यांच्या हितसुखासाठी ही प्रतिमा दिली, असा त्याचा आशय. बुद्धमूर्तीपेक्षा लेख नंतरचा आहे, दोन्ही एकाच दानाचे नव्हेत. भारतातला माणूस इजिप्तच्या मंदिरात आपल्या भाषेत दानलेख कोरतो आणि वर्ष मोजतो ते रोमच्या सम्राटाचे. आपल्याकडच्या लेण्यांत जशी सातवाहन राजाची वर्षे मोजतात, तशीच. सर्व प्राण्यांच्या हितसुखाची ही भाषा कार्ल्याच्या दानलेखांतही भेटते. बेरेनिकेत एका छोट्या शिळेवर वासुदेव, संकर्षण आणि एकानंशा असे त्रिकूटही मिळाले. आणि दोन नाणी मिळाली, दुसऱ्या शतकातली, सातवाहनांची.

ही दोन नाणी हातात घेऊन मराठी माणसाने थोडे थांबले पाहिजे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. त्या नाण्यांना रोमन इजिप्तमध्ये काहीच मोल नसणार, तिथे परके नाणे चालत नसे. ती कोणाच्या तरी कनवटीला उरलेली सुटी नाणी असावीत, किंवा देवापुढे ठेवलेली. राजाचा दूत ती घेऊन गेला नव्हता.

हे मुद्दाम सांगतो, कारण अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवर तिचे काय होते ते आपण पाहतो. इजिप्त पूर्वी बौद्ध होता, इजिप्त पूर्वी हिंदू होता, पिरॅमिड कोणी बांधले ते आता उघड झाले, वगैरे. बेरेनिकेतला पुरावा यातले काहीही सांगत नाही. तो सांगतो की वाऱ्याची वाट पाहत काही माणसे तिथे राहिली, त्यांनी आपले अन्न शिजवले, आपले देव मांडले आणि दुसऱ्यांच्या देवीच्या पुजाऱ्यांनी त्यांना जागा दिली. मला हे साम्राज्याच्या गोष्टीपेक्षा फार मोठे वाटते. साम्राज्याच्या गोष्टीत वासुलाचे नाव आले नसते.

वाटेत सोकोत्रा बेटावरच्या होक नावाच्या गुहेचाही उल्लेख केला पाहिजे. येमेनच्या दक्षिणेला, समुद्रमार्गावरचे हे बेट. २००१ मध्ये बेल्जियमच्या पथकाला या गुहेत खोलवर, पूर्ण काळोखात, सुमारे अडीचशे लेख आणि चित्रे मिळाली. त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत. जर्मन विद्वान इंगो श्ट्राउख यांनी ते वाचून २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेक ठिकाणी नुसती नावे आहेत, अमक्याचा मुलगा अमुक, आणि कित्येक जण स्वतःला भरुकच्छाचे, म्हणजे भडोचचे, म्हणवतात. किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांवर मी एरवी चिडतो. या खलाशांवर चिडत नाही.

आता या व्यापाराचे दुसरे टोक पाहू. पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली मार्गदर्शिका उपलब्ध आहे, ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. तो म्हणतो, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांतून येतात, तगरहून साधे कापड, तलम कापड. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. कल्याणविषयी तो लिहितो की पूर्वी हे कायदेशीर बंदर होते, आता सत्तांतरामुळे अडचण आहे. चुकून ग्रीक जहाज तिथे गेलेच तर पहाऱ्यात भडोचला नेले जाते. बंदरांच्या राजकारणाची ही आपल्या किनाऱ्यावरची बहुधा सर्वांत जुनी लेखी तक्रार.

आणि यवनांनी इकडे दाने दिली. नाणेघाट चढून वर आले की जुन्नर. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याचा आहे. कार्ल्याला तर यवन दात्यांची रांगच आहे. यवन म्हणजे नेमके कोण, आणि ते किती पिढ्या इथे राहिलेले होते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण जुन्नरला यवनाने बौद्ध भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदावी आणि बेरेनिकेला वासुलाने इसिसच्या मंदिरात प्रतिमा द्यावी, हे चित्र आता दोन्ही बाजूंनी पूर्ण झाले आहे. जुन्नरचे लेख एकोणिसाव्या शतकातच वाचले गेले होते. त्यांचे उत्तर तांबड्या समुद्रावरून यायला सव्वाशे-दीडशे वर्षे लागली.

आता एका अवघड मुद्द्याकडे येतो. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात अमेदेओ मायुरी या उत्खननकर्त्याला हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. जेमतेम वीतभर उंचीची, अलंकारांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणायची पद्धत पडली. ती लक्ष्मी असण्यापेक्षा यक्षी असण्याचा संभव जास्त, आणि डोक्यापासून पाडलेले भोक पाहता ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा. तिच्या बैठकीखाली खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, म्हणून तिचा संबंध वायव्य भारताशी जोडणारेही आहेत. पण तिची सख्खी भावंडे शोभतील अशा हस्तिदंती मूर्ती मिळाल्या त्या मराठवाड्यात: एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि दुसरी तेरला.

पाँपेईच्या मूर्तीविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे. ती इ.स. ७९ नंतरची असू शकत नाही, कारण त्या वर्षी ती राखेखाली गेली. भोकरदनची मूर्ती, तुटलेली का होईना, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या १९७३ च्या उत्खननात थरातून मिळाली. तेरच्या मूर्तीचे काय? ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात आहे. लामतुरे तेरचेच. पावसाने वर आलेले, शेतात नांगराला लागलेले, घराचा पाया खणताना निघालेले मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, दिवे, शंखाच्या बांगड्या त्यांनी जमवल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरला आहे, आणि या सभागृहातले जे अजून तिथे गेले नाहीत त्यांनी जावे. लामतुरे नसते तर या वस्तू मुंबईच्या, आणि मुंबईतून परदेशाच्या, बाजारात गेल्या असत्या. त्यांचे ऋण फेडता येणार नाही. परंतु संग्रहातली वस्तू आपल्याला सांगते ‘मी सुंदर आहे’. ती कोणाच्या घरात होती, तिच्या शेजारी कोणते खापर होते, तिच्यावर राखेचा थर होता की पुराच्या गाळाचा, हे तिला सांगता येत नाही. म्हणून तेरच्या मूर्तीचा काळ आपण इटलीतल्या ज्वालामुखीवरून ठरवतो.

थर पाहून केलेले कामही आपल्याकडे आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची देखणी छोटी मूर्ती होती. समुद्राचा देव सह्याद्री चढून आला. पाठोपाठ डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि १९५२ मध्ये अहवाल छापला. तेरला १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी उत्खनन केले, त्याचाही अहवाल आहे. म्हणजे आपल्याकडे हे काम कोणी केलेच नाही असे मुळीच नाही. त्या पिढीने तुटपुंज्या पैशांत, कंदिलाच्या उजेडात केले. खंत वेगळी आहे. बेरेनिकेत तीन दशके त्याच गावाला पुन्हा पुन्हा जाणारे लोक आहेत: सुताचा पिळ पाहणारा वेगळा, माकडाची हाडे पाहणारा वेगळा, खापरावरची शाई वाचणारा वेगळा. आपल्याकडे उत्खनन होते, बातमी येते, मुख्यमंत्र्यांची भेट होते आणि मग खापरांची पोती गोदामात जातात. अहवाल निघायला एखाद्या संशोधकाची सगळी नोकरी जाते, कधी निघतच नाही. न छापलेले उत्खनन ही सभ्य भाषेतली नासधूस आहे, कारण एकदा उचकटलेला थर पुन्हा घालता येत नाही.

निसर्ग आपल्या बाजूने नाही हे खरे. बेरेनिकेची वाळू कापड जपते, आपला पावसाळा ते एका हंगामात कुजवतो. बेरेनिके ओस पडले, तेर मात्र जितेजागते गाव आहे. तिथे संत गोरोबाकाका झाले, त्यांची समाधी आहे, दर्शनाला माणसे येतात. माणसांना उठवून कोणी उत्खनन करत नसते, करूही नये. पण पांढर ही आपल्याच हातची गोष्ट आहे. मराठवाड्यात शेतीची जमीन ती काळी आणि जुन्या वस्तीची जागा ती पांढर. पांढरीची माती म्हणजे शेकडो वर्षांच्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण, हाडे. म्हणून ती धाब्याच्या घराला चांगली आणि शेतालाही चांगली. पूर्वी लोक ती टोपल्यांनी नेत, मग बैलगाड्यांनी. आता जेसीबी आणि ट्रॅक्टर आले. टोपलीने शंभर वर्षांत जेवढे गेले नसते तेवढे एका उन्हाळ्यात जाते, आणि जाताना सातवाहनांचा थर, त्याच्या खालचा थर आणि वरचा यादवकाळचा थर एकाच ट्रॉलीत मिसळून जातात.

यात शेतकऱ्याला दोष देणे मला मान्य नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही. त्याला भीतीही वाटते की काही सापडल्याचे कळवले तर सरकार जमीन घेईल, पोलिस येतील, गावात वेगळीच चर्चा सुरू होईल. ही भीती घालवणे हे पुरातत्त्व खात्याचे आणि आपल्यासारख्या शहरात बसून व्याख्याने ऐकणाऱ्यांचे काम आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. दहा रुपये ही रक्कम आज हसण्यासारखी आहे. पण कळवताना काय लिहायचे, यावरचे त्याचे कलम हसण्यासारखे नाही: वस्तू काय, किती मोलाची, कोणत्या जागी मिळाली आणि कोणत्या तारखेला.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे, अनेक जण शिक्षक आहेत, काही जण ठेकेदारही असतील. त्या सर्वांना माझी विनंती आहे. पाया खणताना, विहीर खणताना, पांढरीची माती भरताना वीट, खापर, मणी, नाणे, मूर्ती काहीही निघाले तर ते लगेच उचलू नका. आहे त्या जागेवरच मोबाइलने छायाचित्र काढा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल, किती खोल होते ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवा. विद्यापीठांत काम करणाऱ्यांना विनंती अशी की नवे उत्खनन मागण्याआधी जुन्याचा अहवाल छापा.